पंपरूमचा मान

आमच्या सोसायटीत तीन विंग आहेत आणि तिघींनाही आपण पहिल्या आहोत असं वाटतं. ए विंगचं म्हणणं, अक्षरच ए आहे, आणखी पुरावा काय हवा. बी विंगचा दावा असा की बिल्डरने ताबा सगळ्यांत आधी तिला दिला. सी विंग काही बोलत नाही, कारण तिची लिफ्ट चालू असते.

मी बी विंगेतला, आणि ही गोष्ट घडली तेव्हा दोन वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी कसा झालो ते थोडक्यात सांगतो: सभेला वीस मिनिटं उशिरा पोचलो, तोवर माझी एकमताने निवड झाली होती. कारखान्याने बावन्नाव्या वर्षी मला माझ्या स्वेच्छेने घरी पाठवलेलं असल्यामुळे माझ्याकडे वेळ आहे हे सगळ्या कर्वेनगराला ठाऊक होतं. ‘तुम्ही काय, रिकामेच असता,’ हे वाक्य त्या काळात मला दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. आमची ही, म्हणजे राधा, ते वाक्य ऐकवत नसे. ती फक्त माझ्याकडे बघून निवडायला मेथी पुढे करी.

तर, दोन हजार दहा सालची गोष्ट. सोसायटीने सगळ्यांत मिळून इंटरनेटची एकच जाडजूड लाइन घेतली होती. ती रस्त्यावरून ए विंगेच्या मीटररूममध्ये येई. तिथे एक डबा. त्या डब्यातून वायर बी विंगेच्या डब्यात, तिथून सी विंगेच्या. या डब्याला स्विच म्हणतात, पण तो दाबता येत नाही. त्याला ओळीने भोकं असतात, प्रत्येक भोकाशी एक हिरवा दिवा, आणि तो लुकलुकत असला की सगळं ठीक आहे असं समजून आपण वर जेवायला जायचं. एवढं तंत्रज्ञान मला पुरेसं होतं.

पुढे ड्रेनेजसाठी आवारात खोदाई झाली आणि ए ते बी ही वायर तुटली. बी आणि सी चार दिवस इंटरनेटविना. ए विंगेतले रंगराव, आमचे चेअरमन, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट कालव्यासारखी दिसते. ते म्हणाले, “आनंदराव, पाण्याला नेहमी दोन वाटा ठेवाव्यात. एक चारी फुटली तर दुसरीने पाणी जातं.” म्हणून आम्ही सी विंगेपासून परत ए विंगेपर्यंत एक जादा वायर टाकली. ही वायर शंभर मीटरच्या पुढे थकते म्हणे, म्हणून वाटेत पंपरूममध्ये तिला विसावा म्हणून चौथा डबा बसवला. पंपरूम म्हणजे आमच्या सोनबाची खोली. सोनबा धायरीचा, पंप चालवतो, गेट सांभाळतो, आणि दुपारी रेडिओ ऐकतो.

हे सगळं काम योगेशच्या सल्ल्याने चाललं होतं. योगेश सी विंगेतला भाडेकरू, वर्ध्याहून आलेला, हिंजवडीला असल्याच डब्यांच्या कंपनीत नोकरी. त्याने बजावलं होतं, “काका, ह्या जादा वायरचं सी विंगेकडचं टोक लावू नका हं. लोंबकळू द्या. दुसरी तुटली तरच लावजा.” त्याप्रमाणे ते टोक सी विंगेच्या मीटररूममध्ये लोंबकळत राहिलं.

त्याच सुमारास माझ्या दारासमोरचे शमशुद्दीनभाई एका संध्याकाळी आले. बावीस वर्षांचा शेजार. रविवार पेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि बोलतातही घड्याळासारखेच, मोजकं. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “आनंदराव, आमच्या अफशीनची मुलाखत आहे पुढच्या महिन्यात. जर्मनीचं विद्यापीठ. एकच जागा उरलीय म्हणतात. घरी बसूनच द्यायची, कॅमेऱ्यावर. पाऊण तास. मध्ये नेट तुटलं तर पुन्हा घेत नाहीत. तोवर आपलं नेट...”

“अहो, मी आहे ना!” मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं आहे त्या त्या वेळी आतून भांडं पडल्याचा आवाज आला आहे. या वेळीही आला. अफशीन म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर. लहानपणी आमच्या घरची साबुदाण्याची खिचडी खायला मिळावी म्हणून एकादशी कधी आहे ते राधाला विचारून जायची. तिचं काही चुकलं तर चालेल, माझ्यामुळे चुकायला नको, असं मला फार वाटत होतं.

आणि चौथ्या दिवशी तिन्ही विंगांचं इंटरनेट ठार झालं.

मीटररूममध्ये जाऊन बघतो तर सगळ्या डब्यांचे सगळे दिवे एकदम पेटून वेड्यासारखे लखलखताहेत. मला वाटलं, नेट जोरात आहे. योगेशला बोलावलं. त्याने सी विंगेतल्या डब्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. लोंबकळणारं टोक लोंबकळत नव्हतं. कुणीतरी ते शेजारच्या रिकाम्या भोकात नीट, अगदी ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवलं होतं.

“काका, रिंगण झालं ना! एकच निरोप ए, बी, सी, पंपरूम, पुन्हा ए असा फिरून राहिला, फिरून राहिला, अन् प्रत्येक फेरीत त्याची पिल्लं होऊन राहिली. खऱ्या निरोपाला जागाच नाही उरली.”

मी फलकावर सूचना लावली: ‘सी विंगेतील वायर ज्या कोणि परस्पर जोडली असेल त्यांनी सेक्रेटरींना भेटावे.’ संध्याकाळपर्यंत तिच्याखाली लाल शाईत उत्तर आलं: ‘मी जोडली. लोंबकळत होती. वस्तू जागच्या जागी असाव्यात. तसेच “कोणि” नव्हे, “कोणी”. – सुशीलाबाई.’ सुशीलाबाई सी विंगेतल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना भेटायला मीच गेलो, आणि पंधरा मिनिटं उभा राहून परत आलो.

वायर उपटल्यावर नेट सुरू झालं. पण ती उपटून ठेवायची म्हणजे सुशीलाबाईंच्या डोळ्यांसमोर पुन्हा लोंबकळणार. आणि न लोंबकळवावी तर रिंगण. योगेश म्हणाला, “उपाय आहे काका. ह्या डब्यांमध्येच आहे. नुसता चालू करायचा. रॅपिड स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल.”

हे नाव अडखळल्याशिवाय म्हणायला मला तीन दिवस लागले. हिने एकदा स्वयंपाकघरातून विचारलंही, “कुठलं स्तोत्र म्हणताय?” पण कल्पना सोपी होती. हे डबे आपसात एक मुख्य निवडतात. मग त्या मुख्यापासून प्रत्येकाकडे जायची एकच वाट चालू ठेवतात. जी वायर त्यामुळे जादा ठरते तिला झोपवतात. लावलेली असते, पण तिच्यातून काही जात नाही. कुठे काही तुटलं की ती जागी होते आणि काम सुरू करते. जुन्या पद्धतीत जागी व्हायला अर्धं मिनिट लागायचं. ही नवी दोन सेकंदांत जागी होते, म्हणून रॅपिड.

“एकदम ऑटोमॅटिक,” योगेश म्हणाला.

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कारखान्यात स्टोअरला मी अठ्ठावीस वर्षं होतो. तिथे ज्या ज्या यंत्रावर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं असे त्याच्याजवळ एक माणूस हातोडी घेऊन उभा असे.

घरी ही कल्पना मी हिला समजावून सांगितली. तिने मेथीची जुडी सोडत ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे एक वायर नुसती पडून राहणार. खाणार-पिणार, काम काही नाही.”

“गरज पडली की कामाला येते ती.”

“हो का,” ती म्हणाली आणि जुडी माझ्यापुढे सरकवली.

आता यात करायचं काम एकच होतं: प्रत्येक डब्याला एक आकडा द्यायचा. त्या आकड्यांवरून डबे आपला मुख्य ठरवतात. आकडे शून्यापासून एकसष्ट हजार चारशे चाळीसपर्यंत, आणि तेसुद्धा चार हजार शहाण्णवच्या पटीतच. एखाद्या शहाण्या माणसाने हे आकडे गुपचूप भरले असते आणि मेथी निवडायला बसला असता. मी लोकशाहीवादी आहे. विंगांचा प्रश्न होता. मी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली.

सभा रविवारी दहा वाजता पार्किंगमध्ये भरली. मी प्रास्ताविक केलं. ‘मुख्य’ हा शब्द उच्चारताच तिन्ही विंगा खुर्च्यांवर सरसावून बसल्या. रंगराव म्हणाले, “यात चर्चेचं कारण नाही. लाइन ए विंगेत येते. उगम तिथे आहे. सर्वांत मोठा आकडा ए विंगेला. एकसष्ट हजार चारशे चाळीस. लिहून घ्या.”

मागच्या रांगेत योगेशने हात वर केला.

“भाडेकरूंना सभेत बसता येतं, बोलता येत नाही,” रंगराव म्हणाले. “उपविधी बघा.”

योगेशने हात खाली घेतला. सुशीलाबाई उठल्या. सी विंगेला ए विंगेपेक्षा कमी गुण देण्याचं कारण त्यांनी लेखी मागितलं. रंगरावांनी लिफ्टचा उल्लेख केला. सुशीलाबाईंनी ए विंगेच्या जिन्याखालच्या सायकलींचा उल्लेख केला. हे वीस मिनिटं चाललं. शेवटी सी विंगेला सत्तावन्न हजार तीनशे चव्वेचाळीस देऊन शांत करण्यात आलं. पण मग बी विंगेला त्याहून कमी, म्हणजे आमचे लोक उठले. तेव्हा शमशुद्दीनभाई म्हणाले, “आम्हाला कमी चालेल. नेट चालल्याशी कारण.” असला माणूस सभेत एक जरी असला तरी सभा संपते. बी विंग त्रेपन्न हजार दोनशे अठ्ठेचाळीसवर बसली.

योगेशने पुन्हा हात वर केला. रंगरावांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

“राहिली पंपरूम,” मी म्हणालो.

“तिथे कोण राहतं?”

“सोनबा.”

“तो सभासद आहे का?”

“नाही.”

“मग शून्य,” रंगराव म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला. चहाच्या वेळी योगेशने माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. पार्किंगची तक्रार असेल असं समजून मी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

त्याच दुपारी मी कामाला लागलो. योगेशने लॅपटॉप दिला, कुठे काय दाबायचं ते कागदावर लिहून दिलं आणि सिनेमाला निघून गेला. प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन मी एकेका मीटररूममध्ये बसलो. पान उघडायचं, रॅपिडवर खूण करायची, ठरावाची प्रत बघून आकडा टाकायचा, जपून ठेवायचं. सी विंगेत सुशीलाबाई मागे उभ्या राहून बघत होत्या, त्यामुळे माझा आकडा दोनदा चुकला. शेवटी ते लोंबकळणारं टोक मी त्यांच्याच हस्ते भोकात बसवलं. श्वास रोखून सगळ्या दिव्यांकडे बघितलं. दिवे सभ्यपणे लुकलुकत होते. रिंगण झालं नाही. कारखाना सोडल्यापासून पहिल्यांदाच मला माझा स्वतःचा अभिमान वाटला, आणि मी तो लपवला नाही. वर येऊन हिला चहा करून दिला.

चहा घेता घेता चिठ्ठी आठवली. उघडली. तिच्यात लिहिलं होतं: ‘काका, ज्याचा आकडा सर्वांत लहान तो मुख्य होतो.’

मी ती तीनदा वाचली. मग हिने वाचली. ती हसत हसत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

योगेश सिनेमाहून आल्यावर त्याने चित्र काढून दाखवलं. मुख्य आता पंपरूम. ए विंगेला आणि सी विंगेला मुख्याकडे थेट वाट. आणि आमच्या बी विंगेच्या डब्याने दोन शेजाऱ्यांतून ज्याचा आकडा लहान त्याची, म्हणजे सी विंगेची वाट धरलेली. झोपवली गेली होती ती ए आणि बी यांच्यामधली वायर. म्हणजे शमशुद्दीनभाईंच्या घरून निघालेला निरोप, दहा पावलांवरच्या ए विंगेत जायला आधी सी विंगेत जाणार, तिथून सोनबाच्या खोलीत, आणि मग ए विंगेत. दौंडला जायला साताऱ्यावरून निघाल्यासारखं होतं ते.

“पण चालून राहिलं ना काका. वेग तोच आहे. अन् पंपरूम बंद पडली तर झोपलेली वायर दोन सेकंदांत उठते.”

सोनबाला मी हे सांगायला गेलो. तो बिडी विझवून उभा राहिला. “म्हंजी समद्या सोसायटीचा मुख्य ह्यो माझा डबा हाय व्हय?”

“तांत्रिकदृष्ट्या.”

“मंग येक टेबलफॅन तरी द्या साहेब. आन् त्यो स्टार्टर बघा. लाल बटन दाबलं तरी पंप बंद व्हत न्हाई कवाकवा. चिकटतंय.”

स्टार्टरचं प्रकरण माझ्याकडे दीड महिना होतं. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. दोन आली होती.

मी रंगरावांकडे गेलो. म्हटलं, एकच आकडा बदलायचा आहे, पाच मिनिटांचं काम. त्यांनी चष्मा काढला. “आनंदराव, ठरावात शून्य आहे. ठराव सभेने केला, तो बदलायचा तर सभेनेच. विशेष सभेला पूर्ण पाच दिवसांची नोटीस.”

“रंगराव, शुक्रवारी अफशीनची मुलाखत आहे. आज सोमवार.”

“मग पुढच्या रविवारी घेऊ सभा,” ते म्हणाले. त्यांनी वाईट हेतूने म्हटलं असं मी म्हणणार नाही. ज्या माणसाने आयुष्यभर धरणाचे दरवाजे लेखी हुकमाशिवाय उघडले नाहीत, त्याच्याकडून वेगळं काय होणार. परस्पर आकडा बदलण्याचा विचार माझ्याही मनात आला होता. पण सेक्रेटरीनेच ठराव मोडायचा म्हणजे उद्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्यांना मी कोणत्या तोंडाने बोलणार?

गुरुवारी आमच्या भागात पाणी बंद होतं. शुक्रवारी ते नेहमीप्रमाणे उशिरा, करंगळीएवढ्या धारेने आलं. सोनबाने एक वाजता पंप लावला. मुलाखत दोन वाजता. शमशुद्दीनभाई टोपी घालून जुम्म्याच्या नमाजाला निघाले होते. जिन्यात थांबून म्हणाले, “मी तिकडे असेन. इथलं तुम्ही बघा, आनंदराव.”

मी पावणेदोनला स्टूल घेऊन पंपरूममध्ये जाऊन बसलो. योगेश फोनवर म्हणाला होता, काही गरज नाही, काका. पण तो बोलत होता हिंजवडीहून, आणि हातोडीवाला माणूस मी बघितला होता. हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यातला एक कुठेतरी अफशीनचा असणार. पंप, सोनबाचा रेडिओ आणि हा मुख्य डबा, तिघांची वीज एकाच मेन स्विचवर होती.

दोन वाजून वीस मिनिटांनी ए विंगेच्या गच्चीवरून पाण्याचा आवाज आला. टाकी भरली होती. सोनबाने लाल बटण दाबलं. पंप चालूच. पुन्हा दाबलं. मग मुठीने मारलं.

“चिकटलं साहेब. मेन पाडाया लागंल.”

“नाही!” मी मेनसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. “अजून पंचवीस मिनिटं!”

“आवो पानी चाललंय वाया!”

“चालू दे!”

सोनबाने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बोट केलं. तिथे माझ्याच सहीची सूचना होती: ‘टाकी वाहू देणे हा सोसायटीविरुद्ध गुन्हा आहे. सबबी ऐकल्या जाणार नाहीत.’

“तुमीच लिवलंय,” तो म्हणाला.

आता पाणी ए विंगेवरून पन्हाळीसारखं कोसळत होतं. मी बाहेर डोकावलो, तो धार वाऱ्याने माझ्या अंगावर आली आणि मी नखशिखान्त भिजलो. तिसऱ्या मजल्यावरून रंगरावांचा आवाज आला, आणि थोड्याच वेळात खाली खुद्द रंगराव आले. अंगात बनियन, हातात छत्री, छत्रीला अडकलेली एक ओली कुरडई.

“आनंदराव! माझ्या गॅलरीत धरण फुटलंय! आमच्या हिच्या पाच किलोच्या कुरडया वाहून चालल्यात!”

“रंगराव, तुमच्या पाया पडतो. पोरीची मुलाखत चालू आहे. मेन पाडलं तर मुख्य डबा मरेल!”

“बाजूला व्हा.”

“होणार नाही!”

वयाने सत्तरीचा आणि वजनाने पन्नास किलोचा माणूस मला ढकलू शकेल असं मला वाटलं नव्हतं. पण कुरडया त्यांच्या होत्या. छत्रीच्या मुठीने त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला ओढलं, मी स्टुलावर अडखळलो आणि सोनबाच्या खाटेवर बसलो. ‘खट्’ असा आवाज झाला. पंप थांबला, रेडिओ थांबला, आणि माझ्या डोळ्यांदेखत डब्याचे सगळे हिरवे दिवे विझले.

मी तसाच उठलो आणि पळत सुटलो. चपला वाटेत राहिल्या. बी विंगेचे तीन जिने चढताना एकच विचार मनात होता, की शमशुद्दीनभाईंना काय तोंड दाखवायचं. बावीस वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

दार रझियाने, अफशीनच्या आईने उघडलं. माझा अवतार बघून तिने तोंडावर पदर धरला आणि मग ओठांवर बोट ठेवलं.

आतून अफशीनचा आवाज येत होता. इंग्रजीत, सावकाश, न अडखळता. मग पलीकडून कुणा गोऱ्या माणसाचा आवाज आला आणि दोघंही हसली. मुलाखत चालू होती.

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. माझ्याखाली पाण्याचं तळं साचत होतं. रझियाने टॉवेल दिला, तो मी नुसता हातात धरला. मग हळूच खाली गेलो, आमच्या मीटररूममध्ये. ए विंगेकडून येणाऱ्या वायरीशी, जी पाच दिवस नुसती पडून होती, तिथे हिरवा दिवा टिपटिप टिपटिप करत होता. मुख्य मेल्याबरोबर ती उठली होती. कुणी हाक मारली नव्हती, हातोडी मारली नव्हती. मी लावून दिलं होतं तसंच सगळं झालं होतं, आणि विश्वास ठेवला नव्हता तो एकट्या मीच. खरं सांगतो, मला भरून आलं. मी त्या वायरीला हात लावणार होतो, पण ओल्या हाताने विजेच्या खोलीत असलं काही करू नये.

तीन वाजता शमशुद्दीनभाई आले. जिन्यात ओल्या पावलांचे ठसे बघत वर आले आणि दारात मी, टॉवेल घेऊन.

“सगळं ठीक?”

“काही झालं नाही,” मी म्हणालो. हे शब्द मी इतक्या अभिमानाने कधीच उच्चारले नव्हते, आणि त्यांचा अर्थ ऐकणाऱ्याला कळण्याची काही सोय नव्हती.

अफशीन धावत बाहेर आली. “अब्बा, छान झाली! एकच प्रश्न कठीण होता, मी पार ब्लँक झाले होते. पण नेमकी तेवढ्यात स्क्रीन दोन सेकंद फ्रीज झाली. त्यांना वाटलं मी विचार करतेय. आणि तेवढ्यात उत्तर आठवलं!”

शमशुद्दीनभाईंनी वर बघून अल्लाचे आभार मानले. त्यात माझा थोडा वाटा आहे असं मला वाटलं, पण मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या रविवारी सभा झाली. विषय: शून्य आकडा बदलणे. लहान आकडा हाच मोठा मान, हे आता सगळ्यांना कळलं होतं. रंगरावांनी ए विंगेसाठी शून्य मागितलं. सुशीलाबाई म्हणाल्या, शून्य मिळवायलाही पात्रता लागते, आणि त्यांनी ते सी विंगेसाठी मागितलं. बी विंगेनेही मागितलं. दीड तासानंतर, कोणत्याही विंगेला शून्य मिळू नये यावर तिन्ही विंगांचं एकमत झालं आणि ते पंपरूमकडेच राहिलं. फक्त डब्याची वीज पंपाच्या मेनपासून वेगळी करायचं ठरलं. सोनबाला टेबलफॅन मिळाला. स्टार्टर तिसऱ्या कोटेशनशिवाय दुरुस्त झाला, कारण या वेळी रंगरावांनी तसं लेखी दिलं. योगेशला सभेत बोलायची परवानगी नाहीच मिळाली, पण हात वर केल्यास चिठ्ठी वाचून दाखवली जाईल अशी दुरुस्ती मंजूर झाली. रंगरावांच्या घरी मी पाच किलो गव्हाच्या कुरडया पाठवल्या. त्या हिने घातल्या, चीक मी घाटला.

ऑगस्टमध्ये अफशीनला पत्र आलं आणि सप्टेंबरात ती निघाली. निघायच्या सकाळी निरोप घ्यायला आमच्याकडे आली. हिने तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली होती, एकादशी नसताना. खाता खाता तिने विचारलं, “काका, त्या दिवशी तुम्ही एवढे भिजला होतात कशाने? अम्मी सांगतच नाही.”

“टाकी वाहिली होती.”

“मग तुम्ही तिथे काय करत होतात?”

मी जरा विचार केला. “काही नाही,” मी म्हणालो.

“त्यांचं तेच काम आहे,” ही आतून म्हणाली आणि खिचडीचा आणखी एक डाव आणून आधी माझ्या ताटलीत घातला. माझ्या रिकामेपणावरचं बोलणं पहिल्यांदाच मला टोमण्यासारखं लागलं नाही.